धुरावर वाळलेला जव

व्हिस्कीतला धूर भट्टीत तयार होत नाही आणि लाकडी पिंपातही तयार होत नाही. तो धान्यात शिरतो, तेही दाणा ओला असताना. मोड आलेला जव वाळवून माल्ट करताना खाली जे जळतं त्याचा धूर टरफलाला धरतो, आणि दळण, आंबवण, ऊर्ध्वपातन, पिंपातली वर्षं एवढं सगळं होऊनही टिकतो. धुरकट माल्ट व्हिस्कीचा विषय निघाला की लोक तांब्याच्या भट्ट्यांबद्दल आणि ओकच्या पिंपांबद्दल भरभरून बोलतात. जव वाळवायच्या खोलीकडे फारसं कुणी वळत नाही. या प्रकरणात आपण त्याच खोलीत जास्त वेळ थांबणार आहोत. वाशिम, रिसोड किंवा कारंज्यातल्या हौशी माणसाला या विद्येचा जो भाग स्वतःच्या हातानं आणि कायद्याच्या चौकटीत राहून शिकता येतो, तो सगळा याच खोलीतला आहे.

आधी इंधनाचं पाहू. स्कॉटलंडच्या पश्चिमेला आयले नावाचं बेट आहे. खारा वारा सतत अंगावर घेणारं, मोठ्या झाडांची वानवा असलेलं. सरपण नाही, म्हणून तिथले लोक शतकानुशतकं जमिनीतून पीट काढून जाळत आले. पीट म्हणजे दलदलीत साचलेलं, अर्धवट कुजलेलं शेवाळ, गवत आणि झुडपं. पाणी साचलेलं, हवा आत पोचत नाही, वर ते पाणी आम्लधर्मी. त्यामुळे कुजणं मध्येच अडतं आणि थरावर थर चढत जातो. वाढीचा वेग वर्षाला साधारण 1 मिलिमीटर. मीटरभर खोल पीट म्हणजे हजारेक वर्षांचा साठा. लांब पात्याच्या फावड्यानं ते कापायचं, उन्हावाऱ्यात वाळवायचं आणि चुलीत घालायचं. घर त्यावर तापायचं, रांधणं त्यावर व्हायचं आणि जवही त्यावरच वाळायचा. चवीसाठी म्हणून धूर कुणी निवडला नव्हता, हाताशी तेवढंच इंधन होतं. 19व्या शतकात मुख्य भूमीवर रेल्वेनं कोळसा आणि कोक पोचवला, स्पेसाइड भागातला जव बिनधुराचा वाळू लागला आणि तिथली व्हिस्की सौम्य होत गेली. बेटावर मात्र पीट सुटलं नाही. लाफ्रॉइग, लागावुलिन, आर्डबेग ही आज जगभर गाजणारी नावं त्याच बेटावरची.

वाशिम जिल्ह्यात पीट सापडणार नाही आणि तयारही होणार नाही. खाली बेसाल्ट, वर काळी कापसाची जमीन. चैत्र-वैशाखात हीच जमीन इतकी तडकते की भेगांत हात जातो. भेगांतून हवा खोलवर पोचते आणि पालापाचोळा, मुळं, जे काही सेंद्रिय असेल ते झपाट्यानं संपतं. म्हणून तर आपल्या मातीत सेंद्रिय कर्ब बहुतेकदा 1 टक्क्याच्या आतच भरतो आणि कृषी सहायक दरवर्षी शेणखताचा आग्रह धरतात. भारतात निलगिरीच्या उंच पठारावर पीटचे थोडे साठे आहेत, पण ते अभ्यासकांसाठी मोलाचे आहेत. हजारो वर्षांतल्या पावसापाण्याची नोंद त्या थरांत आहे आणि त्यांना कुणी फावडं लावू नये असंच कुणालाही वाटेल. रोपवाटिकेत मिळणाऱ्या कोकोपीटचा पीटशी काही संबंध नाही, तो नारळाच्या काथ्याचा भुसा. तिथंच पिशवीबंद मिळणारं पीट मॉस खरं पीट असतं, पण त्यात चुना, खत आणि ओलावा धरणारी रसायनं मिसळलेली असू शकतात. खाण्याच्या धान्याखाली यातलं काहीही जाळू नये.

मग आपल्याकडे काय आहे? याचं उत्तर वऱ्हाडातल्या कुठल्याही रोडग्यांच्या पंगतीत मिळतं. देवळापाशी किंवा शेतात गोवऱ्यांचा जगरा लावलेला असतो. कणकेच्या पाऱ्या तेलाचा हात लावत एकात एक थर देऊन गुंडाळलेल्या, त्यांचे घट्ट गोळे केलेले. आधी गोवऱ्या पेटून धूर निघून जाऊ देतात, निखारे फुलले की त्यात गोळे ठेवतात आणि वरून राख-निखारे ओढतात. जाणता माणूस गोळा कधी टाकायचा हे ज्वाळेवरून नाही, धुरावरून ठरवतो. पांढरा, दाट, डोळ्यांना झोंबणारा धूर असेपर्यंत थांबायचं. निळसर, विरळ धूर दिसला की कामाला लागायचं. घाई केली तर रोडगा कडवट होतो. जव धुरावताना आपल्याला जे ज्ञान लागतं ते नेमकं हेच आहे, आणि ते पुस्तकातून शिकण्यापेक्षा रोडगे लावणाऱ्या एखाद्या आजोबांकडून लवकर शिकता येतं. हुरड्याची आगटी, निखाऱ्यावर भाजलेलं भरताचं वांगं, तूप घालून निखाऱ्याची धुरी दिलेलं वरण. धूर ही चव म्हणून ओळखणारी जीभ आपल्याकडे आधीपासून आहे.

गोवरीचा उल्लेख मी गांभीर्यानं करतो आहे. आइसलँडमध्येही झाडं फार थोडी. तिथं मेंढ्यांच्या वाळलेल्या शेणावर मांस-मासे धुरावण्याची जुनी रीत आहे. तिथल्या एमवर्क डिस्टिलरीनं त्याच इंधनावर जव वाळवून ‘फ्लोकी’ नावाची व्हिस्की बाजारात आणली आणि बाटलीवर मेंढीच्या शेणाचा धूर असं उघड लिहिलं. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात, टूसॉन शहरात, स्टीफन पॉल हे फर्निचर बनवणारे कारागीर मेस्किट लाकडात काम करायचे. उरलेले तुकडे घरी शेगडीत जळायचे. जव पीटऐवजी मेस्किटवर वाळवला तर, असा प्रश्न त्यांच्या घरातच निघाला आणि त्यातून ‘डेल बाक’ ही व्हिस्की उभी राहिली. मेस्किट म्हणजे प्रोसोपिस कुळातलं झाड. आपल्याकडे बांधाबांधावर माजलेली वेडी बाभूळ त्याच कुळातली. ज्याच्या त्याच्या मुलखात जे जळतं त्याचा धूर, हाच न्याय आयलेत लागू होता आणि वाशिमलाही तोच लागू पडतो.

चवीत फरक पडतो तो मात्र खरा पडतो. धुरातली जी द्रव्यं आपल्या नाकाला जाणवतात ती फिनॉल गटातली. लाकडाला टणकपणा देणारं लिग्निन तापून फुटलं की ग्वायाकॉल आणि सिरिंगॉल सुटतात. भाजल्याचा, शेकोटीचा, किंचित गोडसर वास त्यांचा. पीटमध्ये शेवाळाचा वाटा मोठा आणि शेवाळात खरं लिग्निन नसतं. पीटच्या धुरात साधं फिनॉल आणि क्रेसॉल ठळक असतात, म्हणून आयलेच्या व्हिस्कीला दवाखान्यातल्या पट्टीसारखा, डांबरासारखा, आयोडीनसारखा वास येतो. बाभळीच्या धुरावर आपण कितीही मेहनत घेतली तरी तो वास येणार नाही. त्याची आस धरू नये. बाभळीचा धूर बाभळीचाच असू द्यावा.

धुराचं माप दशलक्ष भागांत किती भाग फिनॉल असं देतात. लागावुलिनचा माल्ट 35च्या आसपास, लाफ्रॉइगचा 40 ते 45, आर्डबेगचा 55. ब्रुइकलाडीची ऑक्टोमोर तर शंभराच्या पुढे जाते आणि तिच्या एका आवृत्तीत आकडा 309 होता. बाटलीच्या जाहिरातीत न सांगितली जाणारी गोष्ट अशी, की हे आकडे वाळलेल्या जवाचे असतात, व्हिस्कीचे नव्हेत. टरफलाबरोबर, चोथ्याबरोबर, भट्टीतल्या उरलेल्या पाण्याबरोबर बराच धूर निघून जातो. प्रत्यक्ष दारूत त्याचा तिसरा हिस्सा ते फार तर निम्मा उतरतो. मोठा आकडा म्हणजे चांगली व्हिस्की, असं समजून पैसे मोजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

भारतात हा धूर दोन वाटांनी आला. बंगळूरची अमृत डिस्टिलरीज 1948 साली राधाकृष्ण राव जगदाळे यांनी सुरू केली. आडनाव वाचून मराठी वाचकाला जवळीक वाटेलच. ऑगस्ट 2004मध्ये त्यांच्या वारसांनी भारतीय सिंगल माल्ट थेट ग्लासगोत, म्हणजे व्हिस्कीच्या माहेरीच, विकायला ठेवली. भारतीय व्हिस्की म्हणजे उसाच्या मळीच्या अल्कोहोलला रंग-वास लावलेलं पेय, अशी जगाची समजूत होती आणि बहुतांश स्वस्त मालाबाबत ती खोटीही नव्हती. 2009ची ‘अमृत फ्यूजन’ ही भारतीय जव आणि स्कॉटलंडचा पीटवर वाळलेला जव एकत्र करून बनली. जिम मरे यांच्या 2010च्या व्हिस्की-मार्गदर्शिकेत तिला जगात तिसरं स्थान मिळालं आणि चित्र पालटलं. दुसरी वाट गोव्यातली. कुंकळ्ळीच्या जॉन डिस्टिलरीजनं 2012मध्ये ‘पॉल जॉन’ ही सिंगल माल्ट लंडनमध्ये आणली. तिथले मुख्य डिस्टिलर मायकल डिसूझा. त्यांच्या ‘एडिटेड’, ‘बोल्ड’, ‘पीटेड’ या धुरकट व्हिस्क्यांमध्ये जव भारतीय, पीट मात्र स्कॉटलंडहून आणलेलं. एकानं धुरावलेलं धान्य मागवलं, दुसऱ्यानं धूर मागवला. दोघांच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही आपल्याच लाकडाचा, आपल्याच गोवरीचा धूर एखाद्या परवानाधारक भारतीय भट्टीत जवाला लागलेला पाहावा, ही इच्छा मनात राहतेच.

आता हाताचं काम. धान्याला मोड आणून वाळवणं ही गोष्ट मराठी घराला नवी नाही. बाळासाठी नाचणीचं सत्त्व करताना आपण तेच करतो. घटस्थापनेला मातीत पेरलेले गहू-जव नऊ दिवसांत पिवळे धमक वर येतात तेव्हा दाण्यातल्या पिठाची साखर होऊन कोंबाला मिळत असते. माल्ट करणारा माणूस ही क्रिया सुरू करून देतो आणि कोंबानं साखर खाऊन टाकण्याआधी ती थांबवतो.

जव घ्यावा तो टरफलासकट आणि बियाण्याची औषधं न लावलेला. पूजासाहित्याच्या दुकानातला चालतो, पण जुना असला तर उगवत नाही. म्हणून आधी शंभर दाणे ओल्या फडक्यात ठेवून पाहावेत, पंच्याण्णवच्या वर फुटले तरच पुढे जावं. काम मार्गशीर्ष-पौषातच करायचं. मोड येतानाची हवा 16 ते 18 अंशांच्या जवळपास हवी. वाशिमला हिवाळ्यात घराच्या उत्तरेकडच्या खोलीत ती मिळते. उन्हाळ्यात ढीग आतून तापतो आणि बुरशी धरते. बुरशीचा हिरवा-काळा डाग दिसला की सगळा घाणा टाकून द्यायचा, निवडून वाचवायचा नाही.

किलोभर जव आठ तास पाण्यात, आठ तास निथळत, पुन्हा पाण्यात, असं दोनेक दिवस करायचं. निथळायचे तास महत्त्वाचे, कारण दाण्याला श्वास लागतो. किती पाणी प्यायला हे तराजू सांगतो: एक किलोचा साधारण एक किलो सहाशे ग्रॅम झाला की पुरे, म्हणजे दाण्यात 45 टक्क्यांच्या आसपास ओल आली. मग पाटीत किंवा परातीत दोन-तीन इंच थर करून ओलं फडकं झाकायचं आणि दिवसातून दोन-तीनदा हातानं खालवर करायचं, नाहीतर मुळ्या एकमेकींत गुंततात. तिसऱ्या दिवशी पाटीवरचं फडकं उचललं की ताज्या वाळकाचा वास येतो. तो आला की काम बरोबर चाललंय. चौथ्या ते सहाव्या दिवशी एखादा दाणा नखानं उभा चिरून पाहायचा. टरफलाखाली पाठीवरून चढणारा कोंब दाण्याच्या पाऊण लांबीपर्यंत आला असेल आणि आतलं पीठ बोटांत चोळल्यावर खडूसारखं भुरभुरत असेल, तर थांबायची वेळ आली. त्याच्या आधी थांबलात तर आत कडक गाठ राहते, उशीर केलात तर साखर कोंबाच्या पोटात जाते.

ज्वारी आपल्या मुलखाची, तिचा माल्ट का करू नये, हा प्रश्न वाशिमकर विचारणारच. आफ्रिकेत ज्वारीच्या माल्टची मोठी परंपरा आहे आणि तिला मोड यायला उबदार हवा आवडते. पण ज्वारीच्या कोवळ्या कोंबात सायनाइड सोडणारं द्रव्य असतं. कोवळी, ताण बसलेली ज्वारी चरून जनावर दगावतं ते यामुळेच, हे शेतकऱ्याला ठाऊक आहे. मोडाच्या ज्वारीतले कोंब आणि मुळ्या वाळल्यावर पूर्ण चोळून पाखडून काढणं भाग असतं आणि नवख्याच्या हातून त्यात कसूर होऊ शकते. नवख्यानं जवावरच हात बसवावा.

पुन्हा जवाकडे. धूर द्यायचा तो मोड थांबवायच्या वेळीच, दाणा ओला असताना. कोरड्या टरफलावर धूर टिकत नाही. ओल्या टरफलाच्या पाण्यात फिनॉल विरघळून बसतात. म्हणून स्कॉटलंडमध्येही वाळवण्याच्या पहिल्या तासांतच पीट जाळतात आणि दाण्याची ओल उतरली की साध्या गरम हवेवर येतात. घरी यासाठी आग एका डब्यात आणि धान्य दुसऱ्या पेटीत, मध्ये पत्र्याची नळी, अशी मांडणी उत्तम. नळी हात-दीड हात लांब असली की धूर गार होऊन येतो. पेटीत तारेच्या चाळणीवर जव पातळ पसरायचा, वर धूर निघायला छिद्र. तापमान 50 अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, कारण दाण्यातली जी विकरं पुढे पिठाची साखर करणार आहेत ती ओल्या दाण्यात उष्णतेनं लवकर मरतात. लाकूड वाळलेलं, साल काढलेलं. बाभूळ किंवा आंबा. रंगवलेलं, पॉलिश केलेलं, प्लायवूडचं काहीही नको. गोवरी वापरायची तर चारापाण्याची खात्री असलेल्या आपल्याच गोठ्यातली, कडक वाळलेली, आणि तीही पूर्ण पेटून विरळ धुरावर आल्यानंतर. सहा ते आठ तास विरळ धूर पुरतो. हे सगळं उघड्यावर, घराबाहेर.

पुढचं वाळवणं सावकाश: आधी मोकळ्या हवेत आणि उन्हात, मग ओव्हनमध्ये 60 अंशांवर, शेवटी काही तास 75-80 अंशांवर. गॅसच्या उघड्या ज्योतीवर थेट वाळवू नये. 1970च्या दशकाच्या अखेरीस असं आढळलं की थेट ज्योतीच्या वायूंमुळे माल्टवर नायट्रोसअमाइन हे कर्ककारक द्रव्य तयार होतं. त्यानंतर जगभरच्या माल्टगृहांनी आपली व्यवस्था बदलली. वाळून झालेला किलोभर जव साडेआठशे ग्रॅमच्या आसपास भरतो आणि दाताखाली चटकन फुटतो. सुकलेल्या मुळ्या चोळून पाखडून काढाव्यात, त्या कडू असतात.

माल्ट भरडायचा, पीठ करायचं नाही. टरफल शाबूत राहिलं की तेच गाळणीचं काम करतं. किलोला साडेतीन लिटर पाणी, मिश्रण 65 अंशांवर तासभर झाकून ठेवायचं. थर्मामीटरशिवाय हे करू नये, कारण पाच अंशांनी चुकलं तरी निकाल बदलतो. पांढऱ्या बशीत थेंबभर रस घेऊन त्यात टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकायचा: निळा-काळा झाला तर पीठ शिल्लक आहे, पिवळसरच राहिला तर सगळ्याची साखर झाली. बशीतला तो थेंब टाकून द्यायचा. गाळून, उकळून घेतलेला हा रस पिऊन पाहावा. गोड, धान्याच्या वासाचा, आणि मागून हळूच चढत येणारा धूर. व्हिस्कीतला धूर तो हाच. पुढे अल्कोहोल त्याला उचलून धरतं एवढंच. रस त्याच दिवशी संपवायचा. वाशिमच्या हवेत तो ठेवला तर हवेतल्या यीस्टनं आपोआप आंबायला लागतो.

आणि इथं हौशी माणसानं थांबायचं आहे. महाराष्ट्रात 1949चा दारूबंदी कायदा लागू आहे. त्याच्या कलम 12नुसार परवान्याशिवाय मद्य बनवणं आणि भट्टी उभारणं किंवा चालवणं मना आहे. त्या हेतूनं साहित्य बाळगणं हाही गुन्हा. कायद्याच्या व्याख्येत बिअर, वाइन, ताडी सगळं येतं, म्हणून ‘मी फक्त आंबवलं, गाळलं नाही’ ही सबब चालत नाही. ‘स्वतःपुरतं’ ही सवलतही नाही. ब्रिटनमध्येही परवान्याशिवाय घरी व्हिस्की गाळता येत नाही. न्यूझीलंडनं 1996मध्ये स्वतःपुरती मोकळीक दिली, असा देश विरळाच. परदेशातल्या हौशी लोकांची वर्णनं वाचून इकडे कुकरला नळी जोडू नये.

मला कायद्याइतकंच दुसरं कारण महत्त्वाचं वाटतं. अल्कोहोलची वाफ बंद खोलीत साठली की एका ठिणगीनं भडका उडतो. गाडीच्या रेडिएटरमधून किंवा शिशाच्या डागकामातून दारू थंड केली की शिसं पोटात जातं. विषारी दारूबद्दल मात्र एक गैरसमज दूर व्हायला हवा. जून 2015मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली, ती धान्यातून आपोआप तयार झालेल्या विषानं नव्हे. दारूच्या नावाखाली औद्योगिक मिथेनॉल विकलं गेलं होतं. धान्य आंबवून मिथेनॉल नगण्य तयार होतं. पण वस्तीत कुठून काय आलं हे पिणाऱ्याला कळायची सोय नसते, आणि बिनपरवाना धंद्याचा खरा धोका तिथंच आहे. विदर्भाला दारूचा हिशेब चांगलाच माहीत आहे. वर्धा आणि गडचिरोली हे जिल्हे आजही दारूबंदीचे. चंद्रपुरात 2015 ते 2021 बंदी होती. ज्वारी-बाजरीसारख्या धान्यापासून मद्य बनवणाऱ्या कारखान्यांना अनुदान देण्याचं धोरण राज्यानं 2007मध्ये आणलं, तेव्हा डॉ. अभय बंग यांच्यासारख्यांनी त्याला कडाडून विरोध केला. तो विरोध मला पटतो. अन्नाचं पीक सरकारी पैशानं भट्टीत घालणं आणि एका माणसानं किलोभर जवाचा माल्ट शिकण्यासाठी करणं, या वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्याच राहायला हव्यात.

परवानाधारक डिस्टिलरीत पुढे काय होतं ते समजून घ्यायला मात्र कुणाची हरकत नाही. रस यीस्टनं आंबून 7-9 टक्क्यांचा होतो, तांब्याच्या भट्टीत दोनदा गाळला जातो. दुसऱ्या गाळपात आधी उडून येणारा तीव्र भाग बाजूला काढतात, मधला ठेवतात, शेवटचा परत भट्टीत घालतात. धुराचे जड रेणू उशिरा येतात, मधल्या भागाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर. म्हणून धुरकट व्हिस्की करणारा कारागीर मधला भाग लवकर बंद करत नाही. तो जितका थांबतो तितका धूर वाढतो, पण पाठोपाठ ओल्या चामड्याचा, घामट वासही येतो. तिथं निर्णय नाकाचा असतो.

मग पिंप. स्कॉटलंडमध्ये किमान तीन वर्षांचं बंधन आहे आणि दरसाल सुमारे 2 टक्के दारू पिंपातून उडून जाते. बंगळुरात हेच प्रमाण 10-12 टक्क्यांपर्यंत जातं, त्यामुळे भारतीय माल्ट चार-पाच वर्षांत तयार होते आणि फार काळ ठेवणं परवडत नाही. वाशिमची हवा आणखी वेगळी. कोरड्या हवेत पिंपातून पाणी अधिक उडतं आणि दारूची तीव्रता चढते. दमट हवेत अल्कोहोल अधिक उडतं. मे महिन्यातला 43-44 अंशांचा कोरडा फुफाटा आणि श्रावणातली ओल, अशा दोन टोकांत वर्षं काढणारं पिंप गोव्यातल्या पिंपासारखं वागणार नाही. स्थानिक मद्यांकडे पाहण्याची सरकारी नजरही थोडी बदलली आहे. मोहाच्या बाबतीत राज्यानं दार किलकिलं केलं आहे: 2021मध्ये मोहफुलं गोळा करण्या-बाळगण्यावरचे निर्बंध सैल केले, 2022मध्ये मोह आणि काजूच्या मद्याला देशी दारूच्या वर्गातून वर काढण्याचा निर्णय झाला. विदर्भाच्या धुराचा प्रयोग कुणा परवानाधारकाला करायचा असेल तर कच्चा माल आणि हवा दोन्ही इथं आहेत.

घरच्या कामासाठी एक शेवटची सूचना. तयार माल्ट लगेच वापरू नये. डिस्टिलऱ्याही तो काही आठवडे विसावू देतात, तोवर धुराचा उग्रपणा बसतो आणि ओल सगळीकडे सारखी होते. बाभळीचा, आंब्याचा आणि गोवरीचा असे तीन लहान घाणे वेगवेगळ्या काचेच्या बरण्यांत हवाबंद ठेवावेत. प्रत्येकीवर इंधन, धुराचे तास, तारीख आणि वाळल्यानंतरचं वजन लिहावं. महिन्याभरानं तिन्हींचा रस एकाच तापमानाला, एकाच प्रमाणात काढून शेजारी शेजारी चाखावा. चोथा गाईला घालता येतो. भरडलेल्या माल्टचं थोडं पीठ कणकेत मिसळून भाकरी-पोळी भाजली तर तिला खमंग धुराचा वास येतो, आणि आंबिलीत चमचाभर घातलं तर घरातली लहान मुलंही ती मागून पितात.